उशीवरचे दोन थेंब

दिवाळी जवळ आली की आमच्या घराचा वास बदलू लागतो. भाजणीचा खमंग वास, नुकत्याच धुऊन वाळवलेल्या पडद्यांचा कोरा वास, आणि या सर्वांवर मात करणारा उटण्याचा वास. नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद. पुडी नुसती उघडली तरी नरकचतुर्दशीची थंडगार पहाट आणि पाठीवर तेल रगडणारा आईचा हात आठवतो. आठवणींचे कपाट उघडायला डोळ्यांपेक्षा नाक अधिक उपयोगी पडते, हा अनुभव आपणा सर्वांनाच असेल.

आमच्या घरातल्या या जुन्या वासांमध्ये गेली दोन वर्षे एका परक्या वासाची भर पडली आहे. तो वास लव्हेंडरचा. त्याच्यासंबंधी मला आज थोडे लिहायचे आहे. खरे सांगायचे तर एक कबुली द्यायची आहे, आणि सणासुदीच्या अंकात कबुली देण्याजोगी ती आहे की नाही, हे वाचकांनीच ठरवावे.

आमच्या लहानपणी लव्हेंडर म्हणजे एखाद्या हौशी मामाच्या रुमालाचा वास. त्याचे झाड कसे असते, ते कुठे उगवते, याचा कुणाला पत्ता नसे. पुढे केव्हातरी फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागातील जांभळ्या शेतांची चित्रे पाहण्यात आली आणि या वासाला एक देश मिळाला. आता तर तो आपल्याही देशात रुजला आहे. जम्मूच्या डोडा जिल्ह्यात भद्रवाह नावाचे गाव आहे. तिथल्या डोंगरउतारावर मक्याऐवजी लव्हेंडर लावणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या सरकारी संशोधन संस्थांच्या 'अरोमा मिशन'मुळे वाढत गेली. तिला लोक जांभळी क्रांती म्हणू लागले. २०२२ साली तिथे लव्हेंडरचा उत्सवही भरला.

आमच्या घरी आलेली पहिली बाटली या भद्रवाहचीच. शेजारच्या मुलीने जम्मूच्या प्रवासाहून आणली आणि ती आत्याच्या हातात ठेवली.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. त्या वेळी वय ब्याऐंशी. आतोबा गेल्यावर वाईचे घर बंद करून ती आमच्याकडे पुण्याला राहायला आली. तिची प्रकृती ठणठणीत होती, पण झोप मात्र आतोबांबरोबरच गेली. रात्री दीड-दोनला उठायची, अंधारात खिडकीशी बसायची. "काही होत नाहीये रे मला, तू झोप," म्हणायची. ज्या घरात एक माणूस अंधारात जागे बसलेले आहे, त्या घरात बाकीचे कसे झोपणार?

बाटली करंगळीएवढी. त्या शेजारच्या मुलीनेच तिचे उपयोग समजावून सांगितले. निजताना उशीच्या अभ्ऱ्यावर दोन थेंब टाकावे. वाटले तर चमचाभर खोबरेलात दोन थेंब मिसळून मानेला आणि तळपायांना चोळावे. नुसते तेल कातडीवर लावू नये, आणि पोटात तर मुळीच घेऊ नये. बरोबर तिने वाळलेल्या फुलांची एक पिशवीही दिली होती. आत्याने जुन्या धोतराच्या चिंध्यांच्या पुरचुंड्या शिवून त्यांत ती फुले भरली आणि शालींच्या व शालूच्या घड्यांत ठेवली. कसर लागू नये म्हणून युरोपातील बायका शेकडो वर्षे हेच करीत आल्या आहेत, हे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग त्यात नवल काय? आम्ही वाळा ठेवायचो."

दोन थेंब टाकण्याचे काम माझ्याकडे आले. रात्री साडेनऊला मी तिच्या खोलीत जाई, अभ्ऱ्यावर थेंब टाकी, दिवा मालवी. आठवड्याभरात आत्या झोपू लागली. पहाटे पाचपर्यंत. घर झोपू लागले.

तीन महिन्यांत बाटली संपली. शेजारची मुलगी नोकरीसाठी परगावी गेली होती. मी बाजारात चौकशी केली, तेव्हा कळले की खऱ्या तेलाला भारी दाम पडतो, आणि तो का पडतो हेही कळले. फुलांचे तुरे तांब्याच्या किंवा पोलादाच्या भांड्यात भरून त्यांतून वाफ सोडतात. वाफेबरोबर तेल निघते, वाफ थंड केली की पाण्यावर तरंगू लागते. किलोभर तेलासाठी शंभर-दीडशे किलो फुले लागतात. म्हणून या व्यवहारात भेसळही फार. उंचावर वाढणाऱ्या अस्सल लव्हेंडरची जागा खालच्या उतारावरचे, भरपूर तेल देणारे संकरित लव्हांडिन घेते. त्याला कापराचा वास जरा अधिक. आणि त्याहून स्वस्त म्हणजे कारखान्यात तयार केलेले 'लव्हेंडर'. अस्सल तेलात जी दोन द्रव्ये सर्वांत जास्त असतात, लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट, ती दोन्ही रसायनशाळेत बनवता येतात.

मी कारखान्यातलेच घेतले. घरी आलो, आत्या देवापुढे बसली होती तेवढ्यात ते जुन्या बाटलीत ओतले, आणि रात्री साडेनऊला नेहमीप्रमाणे दोन थेंब टाकले. आत्या झोपली.

माझी कबुली ती एवढीच.

यात काय मोठेसे, असे आपण म्हणाल. मीही स्वतःला तेच म्हणालो. म्हातारीला झोप हवी होती, ती मिळाली. पैसे वाचले. नुकसान कुणाचे झाले? आणि मन असे चमत्कारिक असते, की एकदा खोटे पचले की ते आपल्यासाठी पुरावे गोळा करू लागते. मी वाचू लागलो, आणि वाचता वाचता मला पुष्कळ सोयीस्कर गोष्टी सापडल्या.

पहिली गोष्ट अशी, की लिनालूल हे काही लव्हेंडरच्या मालकीचे नाही. आपल्या फोडणीच्या डब्याशेजारी असणाऱ्या धन्यांच्या तेलात ते निम्म्याहून अधिक असते. मग कारखान्यातल्या लिनालूलला खोटे का म्हणावे? दुसरी गोष्ट, जपानमधील कागोशिमा विद्यापीठात उंदरांवर प्रयोग झाले, ते २०१८ साली प्रसिद्ध झाले. लिनालूलचा नुसता वास घेतलेले उंदीर कमी घाबरट झाले. ज्यांची वासाची शक्ती नष्ट केली होती, त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. म्हणजे काम नाकावाटे होते, आणि ते करायला एकटे लिनालूल पुरेसे आहे. माझ्या खिशातला पुरावा आणखी जड झाला.

पुढे मी तत्त्वज्ञांकडेही वळलो. प्लेटोने आपल्या 'रिपब्लिक' या ग्रंथात खोटेपणाला औषधाची उपमा दिली आहे. औषध जसे उपयोगी पडते, तसे खोटेही केव्हा केव्हा उपयोगी पडते, असे त्याचे म्हणणे. हे वाचून मला किती बरे वाटले म्हणून सांगू! पण त्याच ठिकाणी त्याने पुढे अट घातली आहे, की औषध वैद्याच्याच हाती असावे, इतरांनी त्याला हात लावू नये. ती अट मी भरभर वाचली. आपल्याकडच्या एका जुन्या श्लोकातही अप्रिय सत्य सांगू नये असा उपदेश आहे. तो आपणा सर्वांना पाठ असतो. त्याचाच पुढचा भाग, प्रिय असले तरी असत्य सांगू नये हा, का कोण जाणे, कुणाच्या लक्षात राहत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने तर १७९७ साली एक स्वतंत्र निबंध लिहून परोपकारासाठीसुद्धा खोटे बोलण्याचा अधिकार कुणाला नाही असे बजावले. त्याला मी एकांगी ठरवून बाजूला सारले. ज्याच्या घरी रात्री दोनला जागी बसणारी आत्या नाही, त्याला काय कळणार!

असे पाच-सहा आठवडे गेले. मग एके दिवशी आत्याच्या मानेवर तांबडे पुरळ उठले. खाज सुटली. मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर चांगले आहेत, घाई करीत नाहीत. त्यांनी तपासले आणि विचारले, "आजी, नवीन काही लावलं का एवढ्यात? साबण, तेल, पावडर?"

"छे हो," आत्या म्हणाली. "मानेला ते लव्हेंडरचं तेल लावते खोबरेलातून, पण ते काही नवीन नाही. चार-पाच महिने झाले. तेच तेल आहे."

मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो.

तो क्षण मी अजून विसरलो नाही. जन्मात कुणाला एका पैचेही न फसवलेली ही बाई वैद्यासमोर खोटी साक्ष देत होती, आणि तिला ते माहीत नव्हते. खोटे मी बोललो होतो, पण ते आता तिच्या तोंडून बाहेर पडत होते, अगदी खऱ्या माणसाच्या खात्रीच्या आवाजात. माझ्या तोंडून पडले असते तर डॉक्टरांना कदाचित संशय तरी आला असता. डॉक्टरांनी मान डोलावली, तेलाचा विचार बाजूला ठेवला, आणि खाण्यापिण्याची चौकशी सुरू केली.

मी बोललो. चटकन बोललो असे म्हणणे हेही खोटेच होईल. डॉक्टर कागदावर लिहू लागले, तेव्हा बोललो. "तेल बदललेलं आहे. मी बदललं."

डॉक्टरांनी लेखणी थांबवली. आत्याने माझ्याकडे पाहिले नाही. ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत राहिली.

डॉक्टरांनी जे सांगितले ते इथे नमूद करतो, कारण हे तेल पुष्कळ घरांत आले आहे. पुरळ नकली तेलानेच उठले असे छातीठोकपणे सांगता येणार नाही, ते म्हणाले. अस्सल तेलानेही उठू शकते. लिनालूलला हवा लागत राहिली की त्याचे रूप पालटते, आणि हे पालटलेले द्रव्य काहींच्या कातडीला सोसत नाही. म्हणून बाटली गडद काचेची असावी, झाकण घट्ट लावावे, गार जागी ठेवावी, फार जुने झालेले तेल अंगाला लावू नये. मुलांच्या हाती लागू देऊ नये. आणि आता आजींनी दोन्हींपैकी कोणतेच तेल कातडीला लावू नये, अभ्ऱ्यावरही टाकू नये. हवाच असला तर वास दुरून घ्यावा.

म्हणजे माझ्या नकली तेलावर गुन्हा शाबीत झाला नाही. पण त्यामुळे मला मुळीच हलके वाटले नाही, हे विशेष. माझा अपराध तेलाच्या गुणावर अवलंबून नव्हताच.

रिक्षात आत्या काही बोलली नाही. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "वास वेगळा आहे हे मला पहिल्याच रात्री कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, माझंच नाक आता गेलं. वय झालं म्हटलं." मग थोडे थांबून, "पाच-सहा आठवडे मी मनात म्हणत होते, आधी झोप गेली, मग वास गेला, आता पुढे काय जाणार?"

वाचकहो, मी शोधलेल्या पुराव्यांत या गोष्टीची नोंद कुठेही नव्हती. नुकसान कुणाचे झाले, असे मी स्वतःला विचारीत होतो ना? तिचे नाक बरोबर होते. वास्तविक शास्त्रही तिच्याच बाजूचे निघाले. लिनालूलचा रेणू डाव्या-उजव्या हातांसारखा दोन रूपांत असतो. लव्हेंडरमध्ये बहुतांशी एक हात असतो, धन्यांत बहुतांशी दुसरा, आणि दोन्हींचा वास वेगळा. कारखान्यातल्या लिनालूलमध्ये सामान्यतः दोन्ही हात सारखे मिसळलेले असतात. शिवाय खऱ्या तेलात लहानमोठी शंभरावर द्रव्ये असतात. ब्याऐंशी वर्षांच्या नाकाने एका रात्रीत हे सारे ओळखले होते. आणि मी माझ्या शांतपणे थेंब टाकण्याने त्या नाकाला खोटे पाडले होते.

हीच गोष्ट मला आता सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रेमापोटी आपण ज्यांना फसवतो, त्यांच्याकडून आपण नुसती एक माहिती काढून घेत नाही. त्यांचा स्वतःच्या जाणिवेवरचा भरवसा काढून घेतो. म्हाताऱ्या माणसाजवळ, आजारी माणसाजवळ, लहान मुलाजवळ तेवढाच एक ठेवा असतो: मला जे वाटते ते मला खरेच वाटते आहे. आपण हसून "काही नाही गं, तेच आहे" असे म्हणतो, किंवा न बोलता तसे भासवतो, आणि त्या ठेव्याला भोक पाडतो. वर पुन्हा म्हणतो, तिला कळलेही नाही.

आत्या त्या दिवशी एवढेच म्हणाली, "स्वस्तातलं आणलंस याचं काही नाही. मीही तेच आणलं असतं. पण विचारायचं होतंस." आणि तीन दिवस तिने बाटलीला हात लावला नाही. त्या तीन रात्री ती जागी होती. मीही.

या रात्रींत मला एक जुनी हकीकत आठवली. 'अरोमाथेरपी' हा शब्द ज्याने १९३७ साली आपल्या पुस्तकाच्या शीर्षकात घातला, तो फ्रेंच रसायनज्ञ रने-मॉरिस गातफोसे. प्रयोगशाळेत स्फोट झाला, त्याचा हात भाजला, त्याने तो जवळच्या लव्हेंडर तेलाच्या पिंपात बुडवला आणि हात पाहता पाहता बरा झाला, असे हजार ठिकाणी छापलेले आढळते. त्याची स्वतःची हकीकत वेगळी आहे. १९१० साली तो भाजला हे खरे. पण जखमा पुढे सडू लागल्या, आणि ती सड लव्हेंडरच्या अर्काने धुतल्यावर थांबली, असे त्याने लिहिले आहे. पिंपाची गोष्ट ऐकायला गोड आहे. कुणी दुष्टपणाने रचलीही नसेल. तेलावरच्या प्रेमानेच रचली असेल. पण तिच्यावर विश्वास ठेवून कुणी भाजलेल्या हातावर गार पाण्याची धार धरायची सोडून तेलाची बाटली शोधत बसला, तर? गोड केलेल्या सत्याची किंमत अशी तिसऱ्याच माणसाला मोजावी लागते, आणि आपल्याला त्याचे नावही माहीत नसते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आत्याने मला हाक मारली. "अरे, ते तुझं नकली तेल कुठंय?"

मी बाटली दिली. तिने कापसाचा एक बोळा केला, वाटीत ठेवला, त्यावर स्वतःच्या हाताने दोन थेंब टाकले, आणि वाटी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, उशीपासून चांगली चार हात दूर. "अस्सल नाही हे मला ठाऊक आहे," ती म्हणाली, जणू त्या वाटीलाच सांगत होती. आणि झोपली.

मी चकित झालो. माझी समजूत अशी, की सत्य सांगितले की दिलासा संपतो. म्हणूनच तर मी लपवले होते. ही समजूत खोटी आहे, हे पुढे मला वाचनातही सापडले. अमेरिकेत हार्वर्डचे टेड कॅप्चक यांनी २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पोटाच्या जुनाट तक्रारीचे ८० रुग्ण. काहींना गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितले, की यांत औषध काहीही नाही. उरलेल्यांना गोळ्या दिल्या नाहीत. तीन आठवड्यांनी गोळ्या घेणाऱ्यांपैकी ५९ टक्क्यांनी पुरेसा आराम पडल्याचे सांगितले, न घेणाऱ्यांपैकी ३५ टक्क्यांनी. औषध नाही हे माहीत असूनही! यावरून कुणी खऱ्या औषधाऐवजी पोकळ गोळ्या वाटाव्या असे मी मुळीच म्हणत नाही. एवढेच म्हणतो, की दिलासा द्यायला फसवावेच लागते हा आपला जुना समज तपासून पाहायला हरकत नाही. माणसे आपण समजतो त्याहून धीट असतात. ती सत्य उशाशी घेऊनही झोपू शकतात.

मग ती झोपली ती कशामुळे, असे आपण विचाराल. वासामुळे? सवयीमुळे? साडेनऊच्या त्या ठरलेल्या वेळेमुळे? की आपल्याला कुणी फसवत नाही, या स्वस्थतेमुळे? ते तिलाच ठाऊक. मी तिच्या वतीने उत्तर द्यायचे सोडून दिले आहे. तिच्या वतीने ठरवण्याची सवयच मला नडली होती.

दुसऱ्या दिवशी आत्याने जुन्या बाटलीवर कागदाचा एक कपटा डकवला. थरथरत्या, पण सुवाच्य अक्षरांत त्यावर लिहिले: 'नकली. पण वास बरा.' ती बाटली अजून तिच्या कपाटात आहे. मध्यंतरी शेजारची मुलगी सुट्टीला आली, तिने पुन्हा भद्रवाहची बाटली आणली. आत्याने तिच्यावरही चिठ्ठी लावली: 'खरी. पाहुण्यांसाठी.'

परवा मी उटण्याची पुडी घेऊन आलो. आत्या आता चौऱ्याऐंशीची आहे. तिने पुडी नाकाशी धरली, डोळे मिटले आणि विचारले, "यात काय काय आहे रे?"

पूर्वी मी म्हटले असते, "नेहमीचंच आहे गं." यंदा मी चष्मा लावला, पुडी उलटी केली आणि मागे बारीक अक्षरांत छापलेली सगळी नावे पहिल्यापासून शेवटपर्यंत तिला वाचून दाखवली. शेवटचे नाव 'सुगंधी द्रव्य' असे होते.

"म्हणजे कारखान्यातलं," आत्या म्हणाली. "असू दे. हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघू आधी. पाडव्याआधी दोन दिवस आहेत अजून."